भरती, वारा आणि खाडीचे मुख
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात झालेले भाषण)



आपल्या कार्यकारी मंडळाने आम्हास या व्यासपीठावरून चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा असा प्रश्न आम्हास क्षणभरही पडला नाही. शिक्षण, शिष्यवृत्त्या व वधूवरमेळावा यांविषयी आमच्याहून अधिकारी वक्ते येथे आहेत. आमचे आयुष्य दाभोळच्या खाडीकाठी गेले. म्हणून पाण्याविषयी व वाऱ्याविषयीच बोलावे हे उचित. दर्यावर्दी म्हणविणाऱ्या समाजास भरती-ओहोटीचे धडे द्यावयाचे म्हणजे कोळ्याच्या पोरास पोहणे शिकविण्यासारखे आहे, असे कोणी म्हणेल. परंतु आज या सभागृहात बसलेल्या तरुणांपैकी किती जणांना आजच्या तिथीवरून भरतीची वेळ सांगता येईल, हे ज्याने त्याने आपल्या मनास विचारून पाहावे.

आपल्या वडिलांपाशी घड्याळ नव्हते, पण पंचांग होते. तिथीची पाऊणपट करावी, येईल तो आकडा भरतीच्या तासाचा, हा त्यांचा हिशेब. चतुर्थीची पाऊणपट तीन, म्हणून त्या दिवशी तीनच्या सुमारास भरती पुरी होते. अष्टमीची पाऊणपट सहा, म्हणून सकाळ-संध्याकाळ सहाला. या हिशेबामागे शुद्ध शास्त्र आहे. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तितकीच मागे पडते. आणि ५० मिनिटे म्हणजे तासाच्या पाऊणपटीहून किंचित अधिक. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात. तथापि हा हिशेब मुंबईच्या पाण्यास अधिक जुळतो. आपल्या किनाऱ्यावर भरतीची लाट दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाते, त्यामुळे रत्नागिरीकडे भरती मुंबईच्या आधी येते. मुंबईच्या भरतीची वेळ वर्तमानपत्रात वाचून दाभोळास होडी लोटणारा मनुष्य म्हणूनच फसतो.

पौर्णिमा व अमावास्या यांच्या सुमारास, किंबहुना त्यानंतर एकदोन दिवसांनी, उधाण येते. त्या वेळी सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत असते. अष्टमीच्या आसपास ती ओढ एकमेकींस छेद देते, तेव्हा पाण्याला भांग पडतो; भरती कमी चढते व सुकतीही कमी उतरते. खंबातच्या आखातात, भावनगरास, पाण्याचा चढउतार दहा मीटरांपर्यंत जातो; मुंबईस उधाणाचे पाणी साडेचार मीटरांवर चढते; रत्नागिरीकडे हा चढउतार त्याहून पुष्कळच कमी. आणखी एक गोष्ट वडील मंडळी जाणतात, ती अशी की दिवसाच्या दोन भरत्या सारख्या नसतात. पावसाळ्यात दिवसाची भरती मोठी असते, तर हिवाळ्यात रात्रीची.

आता मुख्य मुद्दा. पाणी सहा तास चढते व सहा तास उतरते, पण ते एका गतीने नव्हे. चढउतार २४० सेंटीमीटर धरला, तर पहिल्या तासात पाणी २० सेंटीमीटर हलते, दुसऱ्यात ४०, तिसऱ्यात व चौथ्यात ६०-६०, पाचव्यात ४० आणि सहाव्यात पुन्हा २०. म्हणजे निम्मे पाणी मधल्या दोन तासांतच जाते. खाडीचा ओढ सर्वांत बळकट असतो तोही याच दोन तासांत. कालवे आणि तिसऱ्या काढावयास चिखलात उतरणाऱ्या आपल्या भगिनींनी हे विशेष ध्यानात ठेवावे. पाणी फिरल्यावर पहिला तासभर ते इतके हळू सरकते की अजून पुष्कळ अवकाश आहे असे वाटते. तिसऱ्या तासास तेच पाणी मागच्या चरीतून येऊन परतीची वाट बंद करते.

खाडीच्या आत तर हिशेब आणखी बदलतो. मुखाशी भरती पुरी झाली तरी वरच्या बंदरात पाणी अजून चढतच असते. जसजसे आत जावे तसतशी भरती थोडा वेळ आणि ओहोटी अधिक वेळ टिकते. पावसाळ्यात नदीचे पाणी ओहोटीस मिळाले म्हणजे तिचा जोर दुणावतो. आपल्या वाशिष्ठीत तर १९६० नंतरच्या दशकापासून कोयनेच्या वीजघरातून सुटलेले पाणीही येऊन मिळते. वडिलांच्या काळची खाडी आणि आजची खाडी एक नव्हे. चिपळुणाजवळच्या गोवळकोट बंदरापर्यंत एके काळी मालाची गलबते भरतीवर चढत असत. आज गाळाने ते पात्र उथळ झाले आहे. म्हणून वडिलांचे ज्ञान शिरोधार्य मानावे, परंतु दर हंगामास दोरी टाकून खोली पुन्हा मोजावी.

पाण्याइतकीच वाऱ्याची गोष्ट महत्त्वाची आहे. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. ऊन तापले म्हणजे दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटतो. माघापासून वैशाखापर्यंत हा दुपारचा वारा वायव्येकडून चांगलाच भरतो व सूर्यास्ताच्या सुमारास पडतो. आता तिथीचा आणि वाऱ्याचा हिशेब एकत्र मांडून पाहा. पौर्णिमा-अमावास्येस भरती दुपारच्या सुमारास पुरी होते. मग ओहोटी लागते ती उधाणाची, म्हणजे पंधरवड्यातील सर्वांत बळकट; आणि तिचे मधले दोन तास नेमके खारा वारा भरात असतानाचे. पाणी बाहेर धावते, लाट आत येते. दोघांची गाठ खाडीच्या मुखाशी, वाळूच्या उंचवट्यावर पडते. बाहेर लांबट व संथ असलेली लाट तेथे आखूड होते, उभी राहते आणि फुटते. आकाश निरभ्र असते, खाडीच्या आत पाणी तळ्यासारखे असते, आणि मुखाशी मात्र होडी उलटते.

बंधुभगिनींनो, हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. मार्च १९६८ मध्ये, शिमग्याच्या पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी, आम्ही ते पाहिले. आम्ही तेव्हा मुंबईस नुकतेच नोकरीस लागलो होतो आणि सणाकरिता गावी आलो होतो. मुखाबाहेर कोळथऱ्यास आमच्या भगिनीचे सासर. तिची भेट घेऊन तसेच पुढे मुंबईस निघावयाचे, असा आमचा बेत होता. आमचे थोरले बंधू होडी नेणार होते. त्यांच्यासारखा तांडेल त्या वाडीत दुसरा नव्हता. जेवणे उरकता उरकता तीन वाजून गेले. दादांनी काठावर उभे राहून मुखाकडे पाहिले आणि म्हणाले, “आज नको. निदान पाणी फिरू दे.” पाणी फिरण्यास संध्याकाळ होणार होती. आम्हास दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हावयाचे होते. आम्ही म्हणालो, “दादा, आभाळ तर स्वच्छ आहे. तुम्हीच भ्यालात तर मग झाले!”

त्यांनी उत्तर दिले नाही. होडी लोटली.

मुखाशी दुसऱ्या की तिसऱ्या लाटेस होडी आडवी झाली. होडीत आम्ही चौघे होतो: आम्ही, दादा, दादांचा दहा वर्षांचा मुलगा आणि एक खलाशी. दादांनी मुलास उपड्या होडीवर चढविले, आम्हास तिच्या कडेशी धरून ठेवले, आणि वाहत चाललेले वल्हे आणावयास म्हणून हात सोडला. तो ओढ कसा असतो हे त्यांना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक होते. अंजनवेलच्या बाजूने आलेल्या मचव्याने आम्हा तिघांस वर घेतले. दादा तिसऱ्या दिवशी सापडले.

पुढे वाडीत सर्वजण म्हणत, “दर्याची मर्जी.” वहिनींनी आम्हास कधी एका शब्दाने दोष दिला नाही, आणि ते अधिक जड होते. दादांस भरतीचे ज्ञान होते, वाऱ्याचे होते, मुखाचेही होते. उणे होते ते एवढेच की, ज्ञानी मनुष्याने ‘नको’ म्हटल्यावर ते ऐकून घेण्याची बुद्धी त्याच्या घरच्या माणसांस नव्हती. ही गोष्ट आम्ही आजवर सभेत सांगितली नव्हती. आज वयाच्या उतारावर ती सांगतो, ती सहानुभूतीकरिता नव्हे. आपल्या घराघरांतून अशी घाई करणारी माणसे आजही आहेत, म्हणून सांगतो.

कोणी म्हणेल, आता यंत्रे आली, मोबाईल आले, जुन्या गोष्टी कशास? यंत्राने ओढ कापता येतो हे खरे. पण फुटत्या लाटेत यंत्र बंद पडले म्हणजे वल्हे-शिडाची सवय नसलेला खलाशी अधिकच असहाय होतो. आणि संकट केवळ होडीवर येत नाही. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढ अमावास्येच्या सुमारास, मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ वादळी लाटांत उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ वादळ आले, तेव्हा अमावास्या पाच दिवसांवर होती, म्हणजे पाण्याला भांग होता; तरीही आपल्या किनाऱ्यावरील कित्येक नौका परतल्या नाहीत. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले, तेव्हा पौर्णिमा दोन दिवसांवर होती. वरून पर्जन्य आणि खालून चढते उधाण अशा वेळी नदीच्या पाण्यास वाट सहज मिळत नाही. पंचांगातील भरती ही केवळ सूर्यचंद्राची भरती होय. वादळ आले म्हणजे वारा पाणी किनाऱ्यावर लोटतो आणि हवेचा दाब उतरल्याने पाणी आणखी चढते; एका मिलिबारास सुमारे एक सेंटीमीटर, असा त्याचा हिशेब आहे. तो आकडा कोणत्याही पंचांगात सापडणार नाही.

म्हणून पंचांग आणि वेधशाळा या दोहोंचा आधार घ्यावा. देहरादूनची भारतीय सर्वेक्षण संस्था भरतीची कोष्टके प्रसिद्ध करते. १८७५ साली स्थापन झालेला हवामान विभाग मच्छीमारांकरिता इशारे देतो. हैदराबादचे महासागर माहिती सेवा केंद्र लाटांची उंची आणि वाऱ्याचा जोर आगाऊ सांगते. बंदरावर तीन क्रमांकाचा बावटा चढला की बंदरास सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका आहे, हे शाळेतील मुलासही ठाऊक असावे. ज्यांच्या घरी वायुदाबमापक असेल त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, आपल्याकडे दाब रोजच सकाळी दहाच्या सुमारास चढतो आणि दुपारी चारच्या सुमारास तीनेक मिलिबार उतरतो. तो उतार नित्याचा समजावा. त्याहून अधिक उतरला, किंवा सकाळी चढलाच नाही, तर होडी वर ओढून घ्यावी.

आता आमची विनंती. नुसते ऐकून घरी जाण्यास आपण जमलो नाही. ज्ञातीची संस्था कृतीकरिता असते. आम्ही तीन गोष्टी आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट अशी की, आपल्या खाडीचे कोष्टक आपणच तयार करावे. मुखाशी भरती पुरी झाल्यावर किती मिनिटांनी ती आपापल्या धक्क्यावर पुरी होते, हे प्रत्येक वाडीतील शाळकरी मुलांनी एक महिनाभर, उधाणास आणि भांगास, काठीवर खुणा करून लिहून ठेवावे. वाळूचे उंचवटे कोठे सरकले हेही तांडेलांनी सांगावे. ते सर्व पुढील स्मरणिकेत छापावे. जाहिरातीचे एक पान कमी झाले तरी चालेल. ज्यांच्या मुखी हे ज्ञान आहे असे वृद्ध आता बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत.

दुसरी गोष्ट, होडीत जितकी माणसे तितकी तरंगती जाकिटे, आणि ती बाकाखाली बांधलेली नव्हे, तर अंगावर घातलेली. पट्टीच्या पोहणाऱ्यानेही ती घालण्यात कमीपणा मानू नये. दादा पट्टीचेच पोहणारे होते.

तिसरी गोष्ट आम्हास सर्वांत मोठी वाटते आणि तिला एक पैसाही लागत नाही. तांडेलाने ‘आज नको’ म्हटले, तर घरातील कोणीही, मग तो मुंबईहून आलेला चाकरमानी असो, लग्नाचा मुहूर्त साधणारा यजमान असो की बाजार गाठणारी माउली असो, त्याला दुसऱ्यांदा विचारू नये. त्याला भित्रा म्हणू नये. मुहूर्त पुन्हा काढता येतो, नोकरीतील एका दिवसाचा पगार बुडाला तरी भरून येतो.

नारळी पौर्णिमेस आपण दर्यास नारळ अर्पण करतो. त्या नारळाबरोबर थोडा धीरही अर्पण करावा, एवढेच आमचे मागणे आहे.