घरकाम आणि आपली मुले
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात झालेले भाषण)



आजचा विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. मुलांनी घरात केर काढावा की नाही, यावर का भाषण करावयाचे, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या घरात मूल काही करीत नाही, त्या घरात ते पाहुण्यासारखे वाढते, आणि पाहुण्याला घराची काळजी नसते.

आपल्या परभणी जिल्ह्याला या बाबतीत दूर जाऊन उदाहरण शोधावे लागत नाही. गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. लहानपणीच ती पंढरपुरास दामाशेटींच्या घरी आली आणि दळण, कांडण, झाडलोट करीत तिथेच वाढली, असे परंपरा सांगते. आपण मुलींना तिचे उदाहरण देतो आणि म्हणतो, पाहा, कामातच तिला देव भेटला. हे खरे, पण यातील अर्धेच आपण सांगतो. जनाबाई दासी होती. ते काम तिने निवडलेले नव्हते, ते तिच्या वाट्यास आलेले होते. आणि परंपरेतील दुसरा भाग असा की, तिचे श्रम पाहून प्रत्यक्ष विठ्ठल तिच्या जात्याशी बसला, तिच्याबरोबर त्याने शेण्या वेचल्या. जात्याचा खुंटा धरण्यात देवाला कमीपणा वाटला नाही. मग आपल्या घरातील चिरंजीवांना स्वतःचे ताट उचलण्यात का वाटावा?

हा प्रश्न मी उगाच विचारीत नाही. केंद्र सरकारने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींचा तीत समावेश होता. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि जे पुरुष घरकाम करतात ते ९७ मिनिटे देतात, असे तीत आढळले. मुळात घरकामाला हात लावणारे पुरुषच शंभरात सव्वीसच्या आसपास होते. ही सवय लग्नानंतर लागत नाही. ती सहाव्या-सातव्या वर्षी, बहीण पाट-पाणी घेते आणि भाऊ हाक मारून पाणी मागतो, तेव्हाच लागते.

मूल तीन वर्षांचे झाले की ते आपण होऊन कामाकडे धावते. आई भाकरी थापू लागली की त्यालाही पिठाचा गोळा हवा असतो. आपण म्हणतो, “सांडशील, जा बाहेर खेळ.” चार-पाच वर्षे असे परतवून लावल्यावर, दहाव्या वर्षी तेच मूल आळशी आहे अशी तक्रार आपण करतो. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये काढलेल्या बालगृहात गरीब वस्तीतील लहान मुले धूळ पुसणे, हात धुणे, जेवणाची मांडामांड करणे ही कामे मन लावून करीत. आपल्या महाराष्ट्रात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचे काम आरंभिले. महागड्या साधनांवाचून, मुलाच्या भोवतालच्याच वस्तूंतून शिक्षण देता येते, हे त्यांनी दाखवून दिले. त्या वस्तू आपल्या स्वयंपाकघरातही आहेत.

तेव्हा करावे काय? तीन-चार वर्षांच्या मुलाला चपला ओळीने लावणे, चमचे आणून देणे, तुळशीला लहान तांब्याने पाणी घालणे जमते. सहा-सात वर्षांचे मूल तुरीच्या शेंगा सोलील, डाळ निवडील, ताटे मांडील. नऊ-दहाव्या वर्षी अंथरूण-पांघरूण घडी करणे, केर काढणे, स्वतःचे ताट घासणे यावे. बारा-तेराव्या वर्षी मुलाला आणि मुलीला दोघांनाही कणीक मळता यावी, वरण-भात लावता यावा, वाण्याचा हिशेब ठेवता यावा. काम एकदा सावकाश करून दाखवावे, भांडे त्याच्या हाताला पेलेल असे द्यावे, आणि त्याने काढलेला केर त्याच्यादेखत पुन्हा काढू नये. काम शिक्षा म्हणून सांगू नये. शिक्षा म्हणून केलेल्या कामाचा जन्मभर तिटकारा राहतो. स्वतःच्या घरच्या कामाचे पैसेही देऊ नयेत.

येथे एक मर्यादा मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. संस्कार वेगळा आणि राबवून घेणे वेगळे. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क आहे. बालकामगारविषयक कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनेही कुटुंबाला मदत करण्याची मुभा दिली आहे ती शाळेच्या वेळेनंतर व सुट्टीत, आणि धोक्याच्या कामाला नव्हे. उन्हाळ्यात हंडे भरण्यासाठी किंवा धाकटे भावंड सांभाळण्यासाठी ज्या मुलीची शाळा बुडते, तिच्यावर आपण संस्कार करीत नाही, तिचे शिक्षण काढून घेतो. तिच्या वाट्याचा अर्धा हंडा भावाने उचलला, तर दोघेही वेळेवर शाळेत पोहोचतील.

मंडळापुढे माझी एक सूचना आहे. दरवर्षी आपण गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो, तो करावाच. परंतु आजच्या भोजनाच्या पंगतीला वाढण्याचे व नंतर पत्रावळी उचलण्याचे काम दहा वर्षांवरील मुलांनी व मुलींनी मिळून करावे, आणि ही प्रथा दरसाल चालावी. वधू-वरांच्या परिचयाच्या वेळी मुलीला स्वयंपाक येतो का, हे आपण विचारतो. तोच प्रश्न मुलालाही विचारण्याचा प्रघात पाडावा. काही घरांना हे प्रथम विचित्र वाटेल. पण ज्या मुलीला आपण उद्या सासरी पाठविणार आहोत, तिच्या सुखाचा यात मोठा वाटा आहे, हे प्रत्येक पित्याला पटेल.