आकड्यांवर चालणारे यंत्र



कामगार संघटनेचा माणूस व्याख्यानाला बोलावला म्हणजे तो बोनस आणि महागाईभत्ता यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते; आणि ती बहुधा खरी ठरते. आज मात्र आम्ही एका यंत्राविषयी बोलणार आहोत. आम्ही इंजिनियर नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढे जे काही शिकलो ते मिस्त्री-फिटरांच्या शेजारी उभे राहून आणि रात्री मिळतील ती पुस्तके वाचून. तेव्हा जाणकारांनी आमची भाषा सांभाळून घ्यावी.

जळगावात म्हणा, धुळ्यात म्हणा, गल्लीबोळांतल्या मागच्या खोल्यांतून एक टेबलाएवढे यंत्र घरघरू लागले आहे. दारावरची नावाची पाटी, बक्षिसाची ढाल, देव्हाऱ्याची नक्षी त्यावर निघते. सीएनसी राऊटर असेल तर तो फिरत्या पात्याने लाकूड कोरतो. लेझर असेल तर तो प्रकाशाने जाळून अक्षर उमटवितो. यांतली कित्येक यंत्रे पोरांनी सुटे भाग मागवून स्वतः जुळविलेली असतात. हे पोर कुणाच्या हजेरीपटावर नाही आणि धड मालकही नाही. दोघातिघांच्या दुकानापर्यंत कारखान्यांचा कायदा पोहोचत नाही. म्हणूनच त्याच्याविषयी बोलावयाचे.

आकड्यांनी यंत्र हाकण्याची कल्पना आम्हां गिरणीवाल्यांच्या घराण्यातलीच आहे. १८०४ च्या सुमारास फ्रान्समधील ल्याँ शहरी जॅकार याने भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग उभा केला. आपली रोजी जाईल म्हणून तिथल्या विणकरांनी त्याला विरोध केला होता, हे आम्ही मुद्दाम सांगतो. पुढे १९५२ साली अमेरिकेत एमआयटी या संस्थेने भोके पाडलेल्या कागदी फितीवर चालणारे धातू कापण्याचे यंत्र करून दाखविले. त्या यंत्राला खोलीभर कपाटे लागली होती. आज तेच काम तळहाताएवढी पाटी करते.

आणि हे सारे परदेशातच घडले असे नाही. पुणे जिल्ह्यात पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. हाताने काम करीत शिकावयाचे, ही त्यांची रीत. त्याच पाबळला २००२ मध्ये एमआयटीच्या सहकार्याने फॅब लॅब सुरू झाली; जगातल्या अगदी पहिल्या फॅब लॅबांत तिची गणना होते. आपल्याकडे पाट्या कापणारा जो कार्बन डायऑक्साइडचा लेझर आहे, त्याचा शोध १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी लावला. त्यांचा जन्म बारामतीचा, १९३८ चा, आणि इंजिनियरिंगचे शिक्षण पुण्याचे! आमच्या ओळखीच्या पाटीवाल्यांपैकी एकालाही हे ठाऊक नव्हते.

आता यंत्राच्या पोटात शिरू. त्यातली स्टेपर मोटर सलग फिरत नाही, पावले टाकीत फिरते. एका फेऱ्यात २०० पावले. ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे सोळा भाग करतो, म्हणजे ३२०० झाली. वीस दात्यांची पुली आणि दोन मिलिमीटर अंतराचा दातेरी पट्टा असेल, तर एका फेऱ्यात गाडी ४० मिलिमीटर सरकते. म्हणजे मिलिमीटरला ८० पावले. हा एवढा त्रैराशिकाचा हिशेब ज्याला आला, त्याला अर्धे यंत्र आले.

समजा, १०० मिलिमीटर सांगितले आणि ९८ च भरले. पोर लगेच ८० ला १०० ने गुणून ९८ ने भागते आणि ८१.६३ हा आकडा यंत्रात भरून मोकळे होते. आमचे म्हणणे, आधी पट्टा दाबून पाहा. पुलीचा बारीक स्क्रू मोटरच्या दांड्यावर घट्ट आहे का ते पाहा. आकडे बदलून ढिल्या पट्ट्याचे पाप झाकू नये. उद्या पट्टा आणखी सैल झाला म्हणजे तो आकडाही खोटा पडतो. गोल कापावयास सांगून अंडे निघाले, तर एका बाजूचा पट्टा सैल आहे किंवा स्क्रूत प्ले आहे. चौकोन तिरका निघाला, तर सांगाडाच गुणियात नाही. सुतार चौकट तपासतो तसे दोन्ही कर्ण मोजावेत.

मोटर नुसतीच थरथरते आणि हलत नाही, ही नेहमीची तक्रार. विकणाऱ्याचा माणूस येईपर्यंत आठ दिवस जातात, आणि आठ दिवस म्हणजे लग्नसराईतली सारी कमाई. अशा वेळी यंत्र बंद करावे आणि दोन मोटरींच्या तारा आपसांत बदलाव्यात. दोष दुसऱ्या मोटरीकडे गेला, तर ड्रायव्हर बिघडला. जागचा हलला नाही, तर मोटर, तार किंवा कुठेतरी अडकलेला सांधा. खर्च शून्य. मात्र वीज चालू असताना मोटरची तार काढू नये, ड्रायव्हर जळतो. काम मध्येच आपोआप थांबते, त्याचे कारण पुष्कळदा अर्थिंग नसणे हेच असते. आणि त्या अर्थिंगचा संबंध कामापेक्षा जिवाशी अधिक आहे. लेझरच्या नळीला पंधरा-वीस हजार व्होल्ट लागतात, आणि बटण बंद केल्यावरही काही वेळ तो भार आत टिकून राहतो.

खानदेशचा खास आजार म्हणजे ऊन. वैशाखात जळगावचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. नळी थंड ठेवणारे पाणी साधारण वीस-पंचवीस अंशांच्या आत हवे. बादलीतले पाणी दुपारी तिसाच्या वर जाते, लेझरची धार बोथट होते आणि नळीचे आयुष्य घटते. मग कुणी बर्फाची लादी टाकतो. एकदम गारठ्याने काच तडकण्याचे भय, शिवाय दव धरून वीज बाहेर उडण्याचे. धुळ्याला एक कारागीर माठातून पाणी फिरविताना आम्ही पाहिला. कोरड्या हवेत माठ थोडी मदत करतो हे खरे, पण तासन्‌तास चालणाऱ्या नळीला तो पुरत नाही. पाणी थंड करणारे यंत्र परवडत नसेल, तर मे महिन्यात काम पहाटे उरकावे. आणि बोअरचे जड पाणी घालू नये, डिस्टिल्ड घालावे.

आता डोळ्यांकडे आणि छातीकडे येतो. आम्ही आलो आहोत ते यासाठी. निळ्या डायोड लेझरचा चष्मा वेगळा, कार्बन डायऑक्साइडच्या न दिसणाऱ्या किरणांचा वेगळा. एकाचा दुसऱ्याला चालत नाही. साध्या पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या झाकणाने नळीवाल्या लेझरचे किरण अडतात, निळे मात्र आरपार जातात. आणि आपले जळगाव पीव्हीसी पाइपांचे गाव. गिऱ्हाईक पीव्हीसीचा पत्रा किंवा रेक्झिनचा तुकडा घेऊन येतो, ‘यावर नाव टाकून द्या’ म्हणतो. तो जाळला की हायड्रोजन क्लोराइडचा धूर निघतो. ओल्या जागी, म्हणजे नाकात, घशात, फुप्फुसात त्याचे आम्ल होते. त्याने यंत्राचे लोखंड महिनाभरात गंजते, तेव्हा मालक हळहळतो. पोराच्या खोकल्याकडे कुणी पाहत नाही. रोजावरचे पोर गिऱ्हाइकाला नाही म्हणू शकत नाही. ते मालकाने म्हटले पाहिजे, आणि चष्मा व धूर बाहेर काढणारा पंखा यांचे पैसेही मालकानेच दिले पाहिजेत. सभागृहात असे काही मालक बसले आहेत, ते आम्हांला दिसत आहेत.

प्लास्टिक ओळखू येत नसेल, तर उघड्यावर एक परीक्षा करावी. तांब्याची तार पकडीत धरून लाल होईस्तोवर तापवावी, त्या तुकड्याला टेकवावी, आणि पुन्हा ज्योतीत धरावी. ज्योत हिरवी झाली, तर त्यात क्लोरीन आहे. तो तुकडा गिऱ्हाइकाला तसाच परत द्यावा.