नर्मदाखोऱ्यातील समुद्र
(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त इंदूर येथे दिलेले व्याख्यान)



मराठीच्या अध्यापकाने दगडांविषयी बोलावे, हे काहीसे धाडसाचेच. परंतु आपल्या शेजारच्या धार जिल्ह्यात, बाघच्या परिसरात, एक असे भांडार आहे की त्यापुढे आपली शंभर वर्षे निमिषमात्र ठरावीत.

बाघची लेणी आपणांपैकी अनेकांनी पाहिली असतील. ती वालुकाश्मात कोरलेली आहेत. या वालुकाश्मावर त्या परिसरात चुनखडकाचे थर आढळतात. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी समुद्राचा एक फाटा पश्चिमेकडून येथवर शिरला होता. त्याच्या उथळ पाण्यातील जीवसृष्टी या थरांत टिकून आहे : कालवांचे शिंपले, शार्क माशांचे दात, शाळिग्रामात दिसतात तशा वळणाचे अमोनाइट. पुढे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या लाव्ह्याने हा प्रदेश झाकला. कालांतराने लाव्हा झिजला आणि खालचे थर जागोजागी उघडे पडले.

१८८४ साली प्रमथनाथ बोस यांचा या खोऱ्याच्या भूविज्ञानावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. येथील एका थरास 'प्रवाळ चुनखडक' म्हणतात. वस्तुतः त्यातील अवशेष मुख्यतः प्रवाळांचे नसून ब्रायोझोआ नामक, वसाहत करून राहणाऱ्या चिमुकल्या प्राण्यांचे आहेत. चूक उमगली, तरी नाव रूढच राहिले. भाषेच्या अभ्यासकास याचे नवल वाटू नये!

आता एक कबुली. तरुणपणी तेथून मी शिंपला रुतलेला एक दगड उचलून आणला. पुढे कित्येक वर्षे तो माझ्या टेबलावर कागद दाबण्याच्या कामी येत होता. एकदा भूविज्ञानाच्या एका प्राध्यापकांनी तो हातात घेऊन विचारले, "कोणत्या थरातला?" मला सांगता येईना. त्यांनी तो हळूच खाली ठेवला. म्हणाले, "मग सर, हा आता शोभेपुरताच."

थर ठाऊक असेल तरच जीवाश्मावरून त्याचा काळ आणि सोबतचे जीव यांची संगती लावता येते. ती नोंद मी स्वतःच पुसून टाकली होती. दाखल-नोंदवही जपणाऱ्या आपल्यासारख्यांना या हानीचे मोल निराळे सांगावयास नको.

म्हणून विनंती एवढीच : बाघला जाल तेव्हा दगड जागीच राहू द्यावा. आणि कोणाच्या घरी असा दगड असेल, तर तो कोठून व केव्हा आणला हे वडीलधाऱ्यांना आजच विचारून चिठ्ठीवर लिहून ठेवावे. माझ्या दगडासोबत मी कोरी चिठ्ठी ठेवली आहे.