टोकाचे स्टेशन : जामनेर



व्याख्यानमाला वसंताची खरी, पण आपल्या खानदेशात या दिवसांना वसंत म्हणायला धाडसच लागते. अशा उकाड्यात जड विषय नको, म्हणून आम्ही आपल्याच मुलखातले एक लहानसे स्टेशन बोलायला घेतले आहे.

स्टेशनांच्या दोन जाती असतात. एका जातीच्या स्टेशनातून गाडी पुढे जाते. दुसरीतून ती मागे फिरते. या दुसऱ्या जातीची आपल्याकडची ठळक उदाहरणे म्हणजे धुळे आणि जामनेर. धुळ्याला चाळीसगावाहून १९०० साली फाटा आला. ते जिल्ह्याचे ठाणे. त्याची कैफियत मांडणारे पुष्कळ आहेत. जामनेरविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही.

पाचोऱ्याहून जामनेरपर्यंत अडीच फूट रुंदीचे रूळ १९१८-१९ च्या सुमारास पडले. अंतर ५६ किलोमीटर. वाटेत वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा. लोक या गाडीला नुसते 'पी. जे.' म्हणत. एवढ्या अंतराला ती दोन तासांच्या आसपास वेळ घेई, आणि त्याबद्दल तिची यथेच्छ थट्टाही होई. शेंदुर्णीच्या त्रिविक्रमाला जाणारे आणि पहूरला उतरून अजिंठ्याची वाट धरणारे, दोघेही एकाच डब्यात गुडघ्याला गुडघा लावून बसत.

रूळ घातले ते मुख्यतः कापसासाठी. पण पाचोऱ्याची मोठी लाइन साडेपाच फुटांची. लहान वाघिणीतली गाठ उतरवायची, हमालाच्या पाठीवर द्यायची आणि मोठ्या वाघिणीत चढवायची, हा दुहेरी खर्च तिच्या जन्मापासून तिच्या मागे लागला. मालमोटारी आल्या, त्यांनी जिनिंगच्या दारातून माल उचलला, आणि गाडीजवळ उरले ते उतारू : मजूर, बाजारकरी, शाळा-कॉलेजची पोरे, पाचोऱ्याला मोठी गाडी गाठणारे. आमच्या मते गाडीचे खरे आयुष्य इथून सुरू झाले. हिशेबाच्या वहीत मात्र तिचे मरण इथूनच मांडले गेले.

टोकाच्या स्टेशनाचा एक स्वभाव असतो. जामनेरला उतरणाऱ्याला डोळा लागला तरी स्टेशन निघून जाण्याची भीती नसे. इंजिन सुटे, बाजूच्या रुळावरून दुसऱ्या टोकाला येऊन लागे, आणि तेवढ्या वेळात सामान, म्हातारी माणसे, लेकुरे सारी सावकाश खाली येत.

२०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे देशभरच्या गाड्या थांबल्या, तशी हीही थांबली. बाकीच्या हळूहळू सुरू झाल्या. ही त्या अरुंद रुळांवर पुन्हा धावली नाही. शेवटची फेरी कोणती, हे त्या फेरीत बसलेल्यांनाही ठाऊक नव्हते.

याच्याशी जपानातला एक प्रसंग ताडून पाहण्यासारखा आहे. होक्काइडो बेटावर माशिके नावाचे मासेमारीचे गाव आहे. तिथे १९२१ साली रेल्वे पोचली. म्हणजे जामनेरची जवळजवळ समवयस्क, आणि तीही टोकाचीच. उतारू घटले, तसा तो तुकडा २०१६ च्या डिसेंबरात बंद झाला. पण त्या देशात रेल्वेमार्ग बंद करायचा तर कायद्याने वर्षभर आधी कळवावे लागते. कंपनीने गावाशी बोलणी केली, दिवस ठरला, आणि ४ डिसेंबरला लोक आपल्या गाडीला निरोप द्यायला जमले. स्टेशनाची इमारत गावाने जपली. तोटा तिकडेही होताच. फरक आहे तो विचारण्याचा.

आता पाचोरा-जामनेर मार्ग ब्रॉडगेज करून पुढे बोदवडपर्यंत नेण्याची योजना मंजूर झाली आहे. बोदवड हे भुसावळ-नागपूर मार्गावरचे स्टेशन. म्हणजे जामनेर टोकाचे राहणार नाही, गाड्या तिथून पुढे जातील. गाठींची चढउतारही वाचेल. याचे आम्हांला दुःख नाही, उलट आनंदच आहे. शंका एवढीच, की मोठ्या रुळांवरच्या गाडीला लहान गावे दिसत नाहीत. अंतर वाचवण्याच्या आणि वेग वाढवण्याच्या हिशेबात वरखेडी आणि भागदरा हे पहिले बळी ठरू शकतात. म्हणून जामनेरकरांनी आणि आपण जळगाव-धुळ्याच्या मंडळींनीही आत्ताच विचारायला हवे : सकाळची पहिली गाडी पाचोऱ्याला मुंबईची गाडी सापडेल अशा बेताने सुटणार काय? मजुराला परवडेल असे तिकीट राहणार काय? आणि भागदऱ्याला ती थांबणार की नाही, हे भागदऱ्याच्या माणसाला रूळ पडण्याआधी कोण सांगणार?