आधी आपली जखम धुवावी

(विहाराच्या वर्धापनदिनी महिला मंडळापुढे केलेले भाषण)

 

मी काही विदुषी नाही. ३२ वर्षे दवाखान्यात परिचारिकेची नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. समितीने मला 'दुःखितांची सेवा' हा विषय दिला. पण मी आज सेवा करणाराच्या दुःखाबद्दल बोलणार आहे. कारण आपल्यातले पुष्कळ जण सेवेला लागतात ते स्वतःला मार बसल्यावरच.

किसा गोतमीची मोहरीची गोष्ट आपल्याला तोंडपाठ आहे. पटाचारेची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. पटाचारा श्रावस्तीच्या सावकाराची लेक. घरच्या नोकराबरोबर पळून गेली, संसार थाटला. दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी वाटेतच वादळात अडकली. नवरा साप चावून गेला. नदी ओलांडताना तान्ह्याला ससाण्याने नेलं, थोरला पुरात वाहून गेला. माहेरी पोचते तो कळलं, रात्री घर कोसळलं आणि आई, बाप, भाऊ एकाच चितेवर जळताहेत. बाईचं भान गेलं. अंगावरची वस्त्रं गळाली, तरी तिला कळेना. लोक तिला वेडी म्हणून हाकलत होते.

जेतवनात मात्र तथागतांनी तिला हाकलू दिलं नाही. भानावर ये, असं तिला मायेनं सांगितलं. तिथल्या एका माणसानं आपलं पांघरूण तिच्या अंगावर टाकलं. पुढे ती भिक्षुणी झाली. एकदा पाय धुताना तिनं पाहिलं, ओतलेलं पाणी कधी जवळच जिरतं, कधी थोडं पुढे जातं, कधी आणखी पुढे. माणसाचं आयुष्यही असंच कमीजास्त, हे तिला उमगलं. नंतर ती विनय जाणणाऱ्या भिक्षुणींमध्ये अग्रगण्य ठरली. लेकरं गेलेल्या कितीतरी आया तिच्याकडे आल्या आणि सावरल्या.

भगिनींनो, यातला क्रम लक्षात घ्या. आधी कुणीतरी तिला पांघरूण घातलं. मग तिनं आपलं दुःख शांतपणे पाहिलं. त्यानंतर ती दुसऱ्याच्या दुःखाला हात लावायला गेली. आणखी एक गोष्ट. थेरीगाथेत त्या आयांना तिनं केलेला उपदेश आहे. त्यात ती स्वतःची कहाणी सांगत नाही. तिच्याइतकी मोठी कहाणी कुणाकडे होती? तरी ती बोलते त्या आईबद्दल आणि तिच्या लेकराबद्दल.

हे मला फार उशिरा कळलं. कसं कळलं ते सांगते.

माझा धाकटा भाऊ दारूने गेला. वय ३४. रोज सकाळी आमच्या घरात पंचशील म्हटलं जायचं आणि संध्याकाळी तो भिंतीला धरून घरी यायचा. मी दवाखान्यात दुसऱ्यांचे भाऊ सांभाळत होते. आपला भाऊ मात्र लपवून ठेवला. सोबतच्या सिस्टर काय म्हणतील, याची लाज! शेवटी पोटात पाणी झालं, डोळे पिवळे झाले, तेव्हा नेला. तोवर वेळ गेली होती. मला सगळं समजत होतं, तरी मी गप्प राहिले. हे आज प्रथमच चारचौघांत बोलते आहे.

त्यानंतर मी वस्तीत व्यसनमुक्तीचं काम सुरू केलं. लोक म्हणायचे, सिस्टर किती तळमळीनं करतात! तळमळ खरीच होती, पण ती कुणासाठी होती? एका घरी तिशीतला माणूस पीत होता. मी गेले आणि त्याच्या लहान मुलीसमोर त्याला वाट्टेल ते बोलले. मरशील, पोरीला उघड्यावर टाकशील, असं ओरडून सांगितलं. त्याने मान खाली घातली. दुसऱ्या दिवसापासून मी दिसले की त्या घराचं दार बंद.

आमच्या मंडळात एक म्हाताऱ्या उपासिका होत्या. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. मी त्यांच्याकडे तक्रार केली. त्या म्हणाल्या, "बाई, तू त्याच्यासंगं बोलतच नव्हतीस. तू तुझ्या मेलेल्या भावासंगं भांडत व्हतीस."

मी त्या दिवशी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. भाऊ गेल्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. माझ्या अंगावर पांघरूण त्या दिवशी पडलं.

महिन्याभरानं मी पुन्हा त्या घरी गेले. माफी मागितली. "दादा, तुम्हाला काय होतं ते सांगा," एवढंच विचारलं आणि गप्प बसले. तो तासभर बोलला. मी भावाचं नावसुद्धा काढलं नाही. तो लगेच सुधारला असं मी म्हणणार नाही. दोनदा सोडली, दोनदा धरली. पण दार उघडं राहिलं आणि तिसऱ्यांदा तो स्वतःहून माझ्याबरोबर डॉक्टरांकडे आला.

बंधू-भगिनींनो, जखम ही वाया जाणारी गोष्ट नाही. अमेरिकेत १९३५ साली बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोघा दारुड्यांच्या भेटीतून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही संघटना उभी राहिली. आपली दारू सुटलेली राहावी म्हणून विल्सनला दुसऱ्या पिणाऱ्याशी बोलण्याची गरज वाटली होती. पुण्यात डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केलं. तिथेही व्यसनातून बाहेर आलेली माणसं पुढे कार्यकर्ते झाली. बाबासाहेबांची आणि माता रमाईंची पाचपैकी चार लेकरं गेली. लाडका राजरत्न १९२६ साली गेला. पुढच्याच मार्चमध्ये, १९२७ साली, बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर उभे होते. घरचं दुःख त्यांनी समाजावर काढलं नाही.

पण न धुतलेली जखम घेऊन आपण दुसऱ्याच्या घरी गेलो, तर त्याचं दुःख आपल्याला दिसत नाही. दिसतं ते आपलंच. म्हणून सेवेला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना माझी विनंती आहे. उंबरा ओलांडण्याआधी स्वतःला विचारा, मी कुणासाठी चाललोय? आपली कहाणी समोरच्यानं विचारली तरच सांगा, तीही थोडक्यात. आणि आपलं मन मोकळं करायला एक माणूस ठेवा. सेवा करणारालाही मांडी लागते.

एक दवाखान्यातली गोष्टही सांगते. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरात कोंडून एकदम बंद करू नका. फिट येते, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवा. मन फार खचलं असेल तर सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा २०२२ पासून आहे, क्रमांक १४४१६. लाज धरू नका. लाजेची किंमत काय असते, ती मी मोजली आहे.

या विहाराच्या पायरीवर उद्या कुणी भान हरपलेली पटाचारा आली, तर तिला उपदेश नंतर करू. आधी पांघरूण घालू. एवढं बोलून मी आपली रजा घेते.

नमो बुद्धाय. जय भीम.