पेटीतला कागद आणि दाभण

 

आज आम्ही कर्जाचं आणि व्याजाचं बोलणार नाही. आज बोलायचं आहे कागदांचं. तुमच्या गटात एक पत्र्याची पेटी असेल. आमच्याही आहे. इतिवृत्ताची वही, कॅशबुक, पासबुकं, ठरावांच्या प्रती, विम्याच्या पावत्या, आधारच्या झेरॉक्स, सगळं त्या पेटीत. दहा वर्षांत आम्ही एक कागद फेकला नाही, याचा आम्हाला फार अभिमान होता.

गेल्या पावसाळ्यात तो अभिमान उतरला. आमच्या एका मावशींनी गटाकडून 60,000 रुपये घेऊन म्हैस घेतली होती. विमा उतरवला होता, म्हशीच्या कानात बिल्ला होता, पावती गटाच्या पेटीत होती. श्रावणात म्हैस दगावली. विमा कुठल्या कंपनीचा, पॉलिसीचा नंबर काय, मुदत कधीपर्यंत, कुणालाच आठवेना. पेटी उपसली. पावती सापडली नवव्या दिवशी, एका जुन्या ठरावाच्या घडीत अडकलेली. मुदत संपलेली नव्हती. पण जनावर मेलं की ताबडतोब कळवायचं असतं, जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला घ्यायचा असतो, बिल्ला जपून ठेवायचा असतो. आम्ही तर म्हैस बिल्ल्यासकट पुरून मोकळ्या झालो होतो. पैसे मिळाले नाहीत. यात दुसऱ्या कुणाला बोल लावता येत नाही. कागद आमच्याकडेच होता.

त्या महिन्याची बैठक फार जड गेली. मावशी एक शब्द बोलल्या नाहीत, म्हणून आणखी जड गेली. आमच्यातल्या एकीनं बी.ए. झाल्यावर ग्रंथालयाचा छोटा कोर्स केला होता. ती म्हणाली, "कागद जपणं आणि वेळेला माहिती मिळणं, ही दोन वेगळी कामं आहेत. आपण पहिलंच काम करत होतो. दुसऱ्या कामासाठी मोठ्या मोठ्या कंपन्यांनी माणूस नेमला होता, आणि पुष्कळदा ती बाई असायची." मग तिनं आम्हाला जे सांगितलं, ते आज तुम्हाला सांगतो.

ग्रंथालय म्हटलं की आपल्याला गोष्टींची पुस्तकं आठवतात. पण आणखी एक प्रकार असतो. त्याला विशेष ग्रंथालय म्हणतात. ते गावासाठी नसतं, एखाद्या कारखान्यासाठी, बँकेसाठी, वर्तमानपत्रासाठी, औषधाच्या कंपनीसाठी असतं. अमेरिकेत नेवार्क नावाचं शहर आहे. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुख जॉन कॉटन डेना यांनी 1904 साली खास व्यापाऱ्यांसाठी ग्रंथालयाची एक शाखा काढली. पुढं 1909 साली त्यांच्याच पुढाकारानं अशा ग्रंथपालांची संघटना झाली. ज्ञानाला कामाला लावायचं, असं त्या संघटनेचं ब्रीद होतं. बघा, ज्ञान नुसतं साठवायचं नाही, कामाला लावायचं. बैलाला जसं आपण कामाला जुंपतो तसं.

या कामाला खरा जोर आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. लढाई संपली 1945 साली आणि कागदांचा पूर आला. युद्धकाळातले संशोधनाचे अहवाल, हरलेल्या जर्मनीकडून हाती आलेली तांत्रिक कागदपत्रं, नवी मासिकं, पेटंटं. हे सगळं सुटं, पुस्तकाच्या बांधणीतलं नव्हे. नेमकं आपल्या पेटीसारखं. तिकडे प्रयोगशाळेतला माणूस म्हणायचा, हा प्रयोग आधी कुणी करून बघितलाय का? उत्तर कुठल्या तरी कपाटात असायचं. ते सापडलं नाही तर तोच प्रयोग पुन्हा, तोच खर्च पुन्हा.

मग विशेष ग्रंथपाल काय करायची? पहिलं म्हणजे, आपल्या कंपनीत कोण कशावर काम करतंय हे तिला माहीत असायचं. आलेली मासिकं ती चाळायची, आणि ज्याच्या कामाचं जे असेल त्याच्या टेबलावर चिठ्ठी लावून पाठवायची. लांबलचक अहवालाचा चार ओळींत सारांश करायची. आणि कुणी विचारायला आलं की आधी उलट विचारायची, तुम्हाला हे कशासाठी हवंय? कारण माणूस विचारतो एक आणि त्याला हवं असतं दुसरंच. आपल्याकडे नाही का, बाई येऊन म्हणते, "ताई, सातबारा कुठं मिळतो?" आणि खरं तर तिला विचारायचं असतं, नवऱ्याच्या माघारी जमिनीवर माझं नाव लागेल का?

आता अडचण बघा. एक कागद एकाच जागी ठेवता येतो, पण त्यात विषय चार असतात. आमची ती पावती कुठं ठेवायची? मावशींच्या नावाखाली, म्हशीच्या, विम्याच्या, की कर्जाच्या? एकाखाली ठेवली की बाकी तीन वाटांनी शोधणाऱ्याला ती सापडणार नाही. औषधाच्या कंपनीतही असंच होतं. एकच अहवाल, त्यात औषध, आजार, कुठल्या प्राण्यावर प्रयोग केला ते, आणि दुष्परिणाम.

यावर त्या काळात एक युक्ती वापरात होती. तिला ना वीज लागायची ना यंत्र. जाड कागदाचं एक कार्ड घ्यायचं. त्याच्या कडेनं ओळीनं भोकं पाडायची. प्रत्येक भोकाला एक अर्थ द्यायचा. समजा पहिलं भोक विम्याचं, दुसरं कर्जाचं, तिसरं जनावरांचं. कागद विम्याचा असेल तर त्याच्या कार्डावरचं विम्याचं भोक कात्रीनं कडेपर्यंत कापायचं, म्हणजे तिथं खाच होते. जनावरांचंही तसंच कापायचं. कर्जाचं भोक मात्र बंद राहू द्यायचं. आता सगळ्या कार्डांचा गठ्ठा हातात धरायचा, विम्याच्या भोकातून लांब सुई आरपार घालायची आणि उचलून हलवायचं. ज्या कार्डांना तिथं खाच आहे ती खाली पडतात, बाकीची सुईला लटकून राहतात. खाली पडली ती विम्याची. त्यांचाच गठ्ठा करून जनावरांच्या भोकातून पुन्हा सुई घातली, की उरली ती फक्त जनावरांच्या विम्याची. कार्डं कुठल्याही क्रमानं असली तरी चालतं.

फिलाडेल्फिया भागातल्या एका औषध कंपनीत क्लेअर शुल्ट्झ नावाच्या बाई 1949 पासून हेच माहितीचं काम करत होत्या. कंपनीचं नाव शार्प अँड डोम. या बाईंनी खाचांच्या कार्डांची एक सुधारलेली पद्धत तिथं वापरली. विषय शेकडो आणि भोकं मोजकी, म्हणून त्या पद्धतीत एका विषयाला एक भोक नसून काही खाचांची जुळणी दिलेली असायची. ती पद्धत काढली होती कॅल्विन मूअर्स यांनी. पुढं 1962 साली शुल्ट्झबाई अमेरिकेतल्या माहितीचं काम करणाऱ्यांच्या संस्थेच्या अध्यक्ष झाल्या. आपण आज मोबाइलवर दोन शब्द टाकून काही शोधतो ना, त्या शोधण्याची मुळं अशा कार्डांपर्यंत जातात.

या मूअर्स यांचं आणखी एक म्हणणं आम्हाला फार लागलं. 1959 च्या सुमाराला त्यांनी असं मांडलं, की माहिती जवळ असणं हे नसण्यापेक्षा जास्त त्रासाचं वाटत असेल, तर लोक ती शोधायची सोयच वापरणार नाहीत. शोधणं अवघड आहे एवढंच त्यांना म्हणायचं नव्हतं. माहिती सापडली की ती वाचावी लागते, समजून घ्यावी लागते, कधी आपलंच चुकलं हे कबूल करावं लागतं, मग धावपळ करावी लागते. त्यापेक्षा माहीत नसलेलं बरं, असं माणसाला वाटतं.

हे ऐकून आम्ही गप्प झालो. कारण मावशी हळूच म्हणाल्या, "पावतीचं माझ्या मनात दुसऱ्याच दिवशी आलं होतं. पण सचिवताईंना लग्नघाई होती. पेटी उघडायला लावायची, सगळ्यांना कामाला लावायचं, आणि विमा संपलेला निघाला तर पुन्हा बोलणी खायची. म्हणून चार दिवस बोललेच नाही." म्हणजे नऊ दिवसांतले चार दिवस पेटीनं घेतले नव्हते, आमच्या धाकानं घेतले होते. विचारायला आलेल्या बाईला आपण "आत्ता कशाला?" म्हटलं, की ती पुढच्या वेळी विचारत नाही. मग कार्डं कितीही चांगली करा.

आपल्या देशातही हे काम त्याच काळात उभं राहिलं. डॉ. रंगनाथन हे नाव ग्रंथालयाच्या कोर्सला पहिल्याच धड्यात येतं. ते आधी गणित शिकवायचे, 1924 साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्यांनी 1931 साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यातल्या एकाचा मथितार्थ असा, की येणाऱ्याचा वेळ वाया जाता कामा नये. लंडनमध्ये त्यांनी दुकानात मुलांचा एक खेळ पाहिला, पट्ट्या आणि स्क्रू जोडून हवी ती वस्तू बनवायचा. त्यावरून त्यांना सुचलं, विषयाचेही असेच सुटे भाग करून जोडता येतील. 1952 साली युनेस्कोच्या मदतीनं दिल्लीत इन्सडॉक ही संस्था सुरू झाली. कुठल्याही गावातल्या संशोधकानं पत्र टाकावं, संस्थेनं हवा तो लेख शोधून त्याची नक्कल पाठवावी, परक्या भाषेतला असला तर भाषांतर करून द्यावं, असं तिचं काम होतं. 1955 मध्ये कलकत्त्याला विशेष ग्रंथालयांची भारतीय संघटना झाली, आणि 1962 साली रंगनाथन यांनी बंगळूरला या कामाचं शिक्षण देणारं केंद्र सुरू केलं.

आता आम्ही काय केलं ते सांगतो. जुन्या लग्नपत्रिका गोळा केल्या. जाड, चांगल्या. एकाच मापाच्या कापून पंचिंगनं कडेला भोकं पाडली. पहिल्या वेळी हौसेनं तीस भोकं पाडली आणि सगळा गोंधळ झाला, कुठलं कशाचं ते आम्हालाच आठवेना. दुसऱ्या वेळी बाराच ठेवली. विमा, कर्ज, जनावर, जमीन, बँक, दवाखाना, अशी. सुईऐवजी पोती शिवायचं दाभण घेतलं. कागद आला की त्याला नंबर द्यायचा आणि नंबरानं फाइलला लावायचा. शोधायचं काम कार्डांनी करायचं. कार्डावर बाईचं नाव, कागदाचा नंबर आणि मुदत कधी संपते ते लिहायचं.

आमच्या मुली हसल्या. म्हणाल्या, "मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा की!" काढलेच आहेत. पण फोनमध्ये दोन हजार फोटो असले, त्यात अर्धे सुप्रभातचे, तर तीही पत्र्याची पेटीच. फोटोला नाव आणि तारीख दिली तरच तो सापडतो. ते दाभणानं करा की मोबाइलवर करा, विचार एकच आहे.

आणखी दोन गोष्टी ठरवल्या. एक, दर सहा महिन्यांनी एकीकडे हे काम द्यायचं. तिला आम्ही कागदताई म्हणतो. बैठकीच्या आधी ती पुढच्या महिन्यात कुणाची मुदत संपतेय ते काढते आणि विचारायची वाट न बघता तिच्या घरी निरोप धाडते. दुसरं, कुणीही कधीही कागद मागितला तर "आत्ता कशाला?" हा शब्द काढायचा नाही. यंदा तीन शेळ्यांचा आणि एका गाईचा विमा वेळेत पुन्हा उतरवला. गोष्ट एवढीच आहे, पण आधी तेवढंही होत नव्हतं.

मावशींची म्हैस काही परत आली नाही. गटानं व्याज सोडलं, मुद्दलाचा हप्ता त्या अजून भरतायत. आणि पहिली कागदताई व्हायचं त्यांनी स्वतःहून मागून घेतलं. त्यांना लिहिता येत नाही. कार्ड नात लिहिते, दाभण मावशी चालवतात.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत एक करून बघा. पेटी मधोमध ठेवा, एकीच्या विम्याची पावती मागा आणि घड्याळ लावा. किती वेळ लागला ते इतिवृत्तात लिहा. पुढचं काम त्या आकड्यावरून तुम्हीच ठरवाल.