डिझेलची पारख पाटीवरून होत नाही

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गावोगावच्या बैठकांत भाव, कर्ज आणि पीकविमा यांची चर्चा संपत आली की मागच्या रांगेतून एक प्रश्न हमखास येतो. "सरकारी कंपनीच्या पंपावरचं डिझेल चांगलं, का खाजगी कंपनीच्या?" एक जण म्हणतो, अमक्या पंपावरच्या डिझेलवर ट्रॅक्टर जास्त ओढतो. दुसरा गावाजवळचा पंप सोडून बारा किलोमीटर लांब जातो. तिसरा हळूच सांगतो की ढाब्यामागे टँकरवाला उभा असतो, त्याच्याकडे लिटरमागे दहा रुपये स्वस्त मिळते.

हा प्रश्न आम्ही किरकोळ मानत नाही. बैल गोठ्यातून गेले. आता नांगरट, पेरणी, मळणी सगळे डिझेलवर आहे. ज्याचा स्वतःचा ट्रॅक्टर नाही, तोही तासाच्या भाड्यातून डिझेलचेच पैसे देतो. आणि कोरडवाहूवाल्याला पेर एकदाच मिळते. वापसा चार दिवसांचा. त्या चार दिवसांत ट्रॅक्टर बांधावर बंद पडला, तर गेलेली ओल कोणताही पंपवाला परत आणून देत नाही.

आधी आमची फजिती सांगतो. मागे एका रब्बीला हस्ताचा पाऊस झाला, वापसा आला आणि शाळू पेरायला घेतला. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर धक्के देत बंद पडला. मेकॅनिकने फिल्टर खोलला तर आत चिखल. आम्ही दहा जण गोळा झालो, पंपावर गेलो, पंपवाल्याला नको ते बोललो. तो शांतपणे उठला, काचेचे भांडे आणि घनतामापी घेऊन आला, आमच्यासमोर घनता काढली. ती कंपनीच्या बिलावरच्या आकड्याशी जुळली. घरी येऊन आमचे २०० लिटरचे बॅरल आडवे केले, तर तळातून गंजाचे पाणी निघाले. बॅरल पावसात उभे होते, वरचे बूच सैल होते. दोष आमचाच होता. पंपवाल्याची माफी मागितली, पण तीन दिवसांची ओल गेली ती गेलीच. त्या दिवसापासून आम्ही या विषयाची माहिती काढू लागलो.

आता मुद्द्याला येऊ. आपल्या सोलापुरात डिझेल येते कुठून? मुंबईच्या माहुलला हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम या दोन कंपन्यांचे शुद्धीकरण कारखाने आहेत. हिंदुस्थान पेट्रोलियमची पाइपलाइन तिथून पुण्यामार्गे थेट आपल्या पाकणीपर्यंत आलेली आहे. पाकणीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत आणि तिथून टँकर भरून तालुक्यातालुक्यांतल्या पंपांवर जातात. सरकारी कंपन्या एकमेकींचा माल उचलतात. जिचा कारखाना किंवा डेपो सोयीचा, तिथला माल दुसरी घेते, कारण लांबून वाहून आणणे कोणालाच परवडत नाही. म्हणजे दोन पंपांच्या पाट्यांचे रंग वेगळे असले, तरी टाकीतले डिझेल एकाच कारखान्याचे असू शकते. खाजगी कंपन्यांचे मोठे कारखाने गुजरातेत आहेत. रिलायन्सचा जामनगरला, नायराचा, म्हणजे पूर्वीच्या एस्सारचा, वाडीनारला.

कारखाना कोणाचाही असो, पंपावर विकायच्या डिझेलला भारतीय मानक एकच आहे, आयएस १४६०. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सहा डिझेल आले. त्यात दहा लाख भागांत गंधक जास्तीत जास्त १० भाग. त्याआधीच्या बीएस-चारमध्ये ते ५० होते. ही अट सरकारी कंपनीला आहे तशीच खाजगीलाही आहे.

मग फरक काहीच नाही का? एक खरा फरक आहे, तोही सांगितला पाहिजे. कंपन्या काही डिझेलमध्ये इंजिनचे नोझल स्वच्छ ठेवणारी रसायने मिसळतात. सरकारी कंपन्या असे डिझेल वेगळ्या नावाने आणि चढ्या दराने विकतात. रिलायन्स आणि बीपी यांच्या भागीदारीतल्या जिओ-बीपीने २०२३ साली जाहीर केले की आमच्या साध्या डिझेलमध्येच असे रसायन आहे. त्याचा थोडाफार उपयोग होत असेल. पण भेसळीचे डिझेल त्याने शुद्ध होत नाही आणि बॅरलातले पाणी त्याने आटत नाही.

आम्ही शेतकीची पदवी घेतलेली माणसे, म्हणून बियाण्याचाच दाखला देतो. पिशवीवरचे टपोरे कणीस उगवत नाही, उगवतो तो आतला दाणा. म्हणून घरच्या मालदांडीचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवले ते मोजायची रीत आहे. डिझेललाही हाच न्याय लावा. ते बिघडते डेपोच्या फाटकापासून आपल्या टाकीपर्यंतच्या वाटेवर, आणि त्या वाटेवर चार नाकी आहेत.

पहिले नाके टँकरचे. या वाटेवर माणसे मेली आहेत. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडीला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलाची चोरी आणि भेसळ करणाऱ्या टोळीने दिवसाढवळ्या जाळून मारले. तेव्हा रेशनचे रॉकेल स्वस्त आणि डिझेल महाग, त्या फरकावर टोळ्या पोसल्या जात होत्या. रॉकेलवरची ती सबसिडी आता संपली आहे. पण धंदा बंद झाला नाही, त्याने माल बदलला. २०२० नंतर 'बायोडिझेल' या नावाखाली औद्योगिक तेले विकणाऱ्यांवर गुजरातेत आणि महाराष्ट्रातही कारवाया झाल्या. खरे बायोडिझेल कायदेशीर आहे, ते परवान्याने विकले जाते. ढाब्यामागचा टँकरवाला परवाना दाखवत नाही आणि पावतीही देत नाही.

त्या स्वस्ताईचा हिशेब मांडा. इंजिनच्या डिझेल पंपाला वेगळे वंगण नसते, बहुतेक पंपांत डिझेलच वंगणाचे काम करते. रॉकेलसारखे पातळ तेल मिसळले की ते वंगण जाते आणि पंप झिजतो. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना प्रदूषणाचे जे नियम लागू झाले, त्यामुळे त्यांची इंधनयंत्रणा जास्त दाबाची आणि नाजूक झाली आहे. बॅरलमागे वाचवलेले दोन हजार रुपये एका दुरुस्तीत जातात, वर वापसा जातो.

दुसरे नाके पंपाच्या जमिनीखालच्या टाकीचे. पावसाळ्यात तिथे पाणी झिरपू शकते. तिसरे नाके नोझलचे, म्हणजे मापाचे. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतची घटबढ नियमात बसते. २०० लिटरच्या बॅरलला ती लिटरभर होते. त्यापुढची सगळी चोरी. २०१७ साली लखनौला पंपांच्या यंत्रांत माप मारणाऱ्या चिप सापडल्या आणि त्याच वर्षी ठाणे पोलिसांनी आपल्या राज्यातही अनेक पंपांवर छापे घातले. या भानगडीत एकाच पाटीचे पंप नव्हते. चौथे नाके आपल्या घरचे बॅरल. त्याची कथा आम्ही सांगितलीच.

तेव्हा करायचे काय? पंपावर घनता तपासून मागा, तो ग्राहकाचा हक्क आहे. उन्हात डिझेल फुगते आणि घनता उतरते, म्हणून आकडा तक्त्यावरून १५ अंश तापमानाला बदलून घेतात आणि बिलावरच्या घनतेशी ताडतात. फरक तीनच्या आत हवा. घनता जुळली म्हणजे सगळे शुद्ध असे मात्र नाही, हलके आणि जड तेल मिसळून आकडा जुळवता येतो. पण घनता काढून दाखवायलाच जो नकार देतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. मापाची शंका आली तर वैधमापन खात्याचा शिक्का असलेले पाच लिटरचे माप मागा. ते प्रत्येक पंपावर ठेवावेच लागते. पावती घ्या, पावतीशिवाय तक्रार उभी राहत नाही. फिल्टरवरची थेंबाची परीक्षा म्हणून जी सांगतात, कागदावर डाग राहतो का ते पाहण्याची, ती पेट्रोलची आहे. डिझेलला ती लावू नका.

घरी बॅरल सावलीत, लाकडावर थोडे तिरके ठेवा. बूच घट्ट लावा. तळातले डिझेल ट्रॅक्टरमध्ये ओतू नका, पेरणीच्या आधी बॅरल रिकामे करून धुवा आणि वाळवा. संध्याकाळी ट्रॅक्टरची टाकी भरून ठेवा, रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने पाणी धरते.

एकट्या माणसाने घनता मागितली तर पंपावरचा पोऱ्या हसतो. म्हणून प्रत्येक गावातून दोघांनी ही तपासणी शिकून घ्यावी, पेरणीच्या आधी जवळच्या पंपावर एकत्र जावे, आणि तारीख, पंप, घनता, माप हे वहीत लिहावे. सरळ धंदा करणारा पंपवाला त्याला हरकत घेणार नाही, उलट त्याचे नाव होईल. पुढच्या मेळाव्याला येताना ती वही घेऊन या. "कोणता पंप चांगला" या प्रश्नाचे उत्तर आम्ही देणार नाही, ते तुमच्याच वहीतून निघेल.